खांद्यावरचे सुटे धागे

आनंदाचा जबडा उडाला त्या दिवशी त्याच्या अंगात हिरवे कपडे होते. साधे हिरवे नव्हेत, पानापानांचे, जंगलात उभं राहिलं तर झाडालाही आपला भाऊ वाटावा असे. पण ही गोष्ट जंगलातली नाही. सुरतेबाहेर पलसाण्याकडे एका बंद पडलेल्या मिलमध्ये एक माणूस बंदूक घेऊन शिरला होता आणि पोलिसातला नेमबाज आनंदा त्याच्यावर नेम धरायला समोरच्या सिमेंटच्या पत्र्यावर पालथा पडला होता. राखाडी पत्र्यावर हिरवंगार झुडूप! त्या माणसाला पोलीस शोधावा लागलाच नाही, नुसती मान वर करावी लागली. गोळी आनंदाच्या एका गालातून शिरली आणि खालचे दात घेऊन दुसऱ्या गालातून बाहेर पडली. शेजारी त्याचा जोडीदार योगराज होता. त्यानं मित्राचे दात पत्र्यावरून वेचून रुमालात बांधले. दातांचं पुढं काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण रक्तानं माखलेल्या माणसाशेजारी हात रिकामे ठेवून बसवत नाही.

योगराज हा सीताचा मुलगा. दात त्यानं दवाखान्यात दिले आणि रुमाल घरी आणला. सीतानं तो धुवायला घेतला तर मोरीत एक दाढ पडली, राहून गेलेली. लेकराचा दात पडला की छपरावर फेकायची आपल्यात रीत आहे; ही दाढ तर छपरावरूनच आली होती. सीतानं ती तुळशीत पुरली, आणि मग मोरीत बसून ओकली.

"असले कपडे देतं कोण रे तुम्हाले?" तिनं संध्याकाळी विचारलं.

"सरकार."

"सरकारनं सुरत पाह्यली नई का?"

योगराज हसला नाही. ताटातली भाकरी नुसती कुस्करत होता. "माय, तू शिव," तो म्हणाला. "साहेबांना विचारलंय मी. ते म्हणाले, करून आण, बघू. छपराचे कपडे पाहिजेत. आपल्या इथल्या छपराचे."

सीता काही टेलर नव्हती. पांडेसऱ्याच्या चाळीत बायांचे ब्लाउज शिवायची, ते घरात मशीन होतं म्हणून. एरवी तिचं काम धागे कापायचं. भरतकामाच्या मशिनीवरून साडी उतरते तेव्हा सुलट बाजूला मोर असतात आणि उलट बाजूला धाग्यांचा गबाळा. तो कटरनं साफ करायचा. पांडेसऱ्यात घरोघरी बाया हेच करतात. साड्यांचं पोटलं सोडायचं, साडी मांडीवर ओढायची आणि टीव्ही बघत, भांडत, पोराला पाजत कच कच कच चालू ठेवायचं. सीताचा कटर उजव्या मनगटाला सुतळीनं बांधलेला असे. तिचा नवरा श्रीपत म्हणायचा, "हाई बाई मंगळसूत्र काढी ठेवी, पण कटर नई."

साड्यांची पोटली घेऊन यायचा पंडित. शिरपूरकडचा, म्हणजे सीतासारखाच खानदेशातला, गाववालाच, आणि जिभेवर गूळ. शहरातच पर्वत पाटिया भागात त्याच्या शेठचं गोदाम होतं. तयार माल न्यायला आला की तो साडी उलटी करून उजेडाला धरायचा. "मावशी, एक धागा दिसाले नको," म्हणायचा. दिसलाच, तर तो उपटून, हसत हसत, त्या बाईच्या बोटाला करकचून गुंडाळायचा. बोट निळं पडेपर्यंत गुंडाळायचा. बाया हसायच्या. न हसून सांगतात कुणाला? त्याची बायको मयुरी तेवढी हसत नसे. तिच्या दंडावरचे वळ साऱ्या चाळीनं पाहिले होते, आणि बघून साऱ्या चाळीनं आपापली पोटली सोडली होती.

तर आता कापड. सुरतेत न चमकणारं कापड मागणं म्हणजे हलवायाकडे कारली मागणं. मायलेक दुकानं पालथी घालत फिरले. दुकानदार ठाण उलगडायचा, योगराज ते उन्हात धरायचा आणि ते मासळीसारखं लखलखायचं.

"चमक नथी जोईती?" एका दुकानदाराला खरंच कळेना. त्यानं सीताच्या कपाळाकडे बघितलं, कुंकू आहे ना याची खात्री केली आणि आवाज उतरवून विचारलं, "बेन, घरमां कोई गुजरी गयुं?"

"अजून तर नई," सीता म्हणाली. "म्हणून तर आले."

शेवटी नवं कापड नकोच असं ठरलं. धान्यवाल्याकडून जुनी तागाची पोती आणली, आतून अस्तराला एक विरलेली सुती चादर. रंगाचं श्रीपतनं बघितलं. तो डाईंगमध्ये कामाला. त्याच्या हातांवरून चाळीला कळायचं, यंदा बाजारात कोणता रंग चालू आहे. हा दिवसभर रंगात उभा असायचा म्हणून घरी आल्यावर बोलण्यात रंग नसायचा. पहिल्यांदा योगराजनं पोती काळी करून घेतली. गच्चीवर पांघरून पडला तर तव्यावर कोळसा पडल्यासारखा दिसायला लागला. श्रीपतनं खालून एकदा वर बघितलं, "काळं नको. उन्हात छप्पर काळं नसतं," एवढं बोलला आणि चहा प्यायला गेला. मग गंजलेल्या खिळ्यांचं पाणी, चहाचा चोथा आणि मिलमधून आणलेला करडा रंग, असं सगळं एका पिंपात कालवून पोती त्यात बुडवली. वाळली की योगराज ती दगडावर आपटायचा. धोपाटण्यानं झोडायचा, सुरीनं खरवडायचा. मानेच्या शिरा फुगेपर्यंत झोडायचा. तो पोतं मारतोय की आणखी कुणाला, हे सीतानं विचारलं नाही. योगराजनं आजवर पुठ्ठ्याची माणसं पुष्कळ मारली होती. खरं एकही नाही. आनंदावर गोळी झाडणारा दुसऱ्याच कुणाच्या गोळीनं गेला होता, आणि ते योगराजला दोन्हीकडून बोचत होतं, मारायचं राहिलं म्हणूनही आणि सुटलो म्हणूनही.

अंगरखा झाला, टोपरं झालं. मग परीक्षा. योगराज समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन कठड्याशी पालथा पडायचा, आणि सीता खाली गल्लीत उभी राहून त्याला शोधायची.

"दिसला!"

"कुठं?" वरून आवाज.

"खांदा!"

शेजारची मनीषा दारात साडी घेऊन बसलेली. तोंडानं तिखट आणि कामाला वाघ अशी बाई. "काय वो मावशी, पोरगं हरवलं का नवसाचं?"

"हरवत नई तेच तर दुखणं शे ना."

खरंच हरवत नव्हतं. रंग जुळला, चमक गेली, तरी डोकं आणि त्याखाली दोन्हीकडे उतरत गेलेला खांदा लगेच डोळ्यांत भरायचा. मडकं ठेवा, टाकी ठेवा, पोत्यांची थप्पी लावा, तसा उतार दुसऱ्या कशालाच नसतो. माणूस माणसाला ओळखतो तो तोंडावरून नव्हे, खांद्यावरूनच. मग सीतानं दाभण घेतलं आणि टोपऱ्याच्या, खांद्यांच्या कडेचे आडवे धागे एकेक करून उपसले. उभे तसेच लोंबू दिले. मध्ये मध्ये सुतळीचे तुकडे, चिंध्या, फाटक्या ताडपत्रीच्या झिरमिळ्या टाचल्या. जन्मभर जे कापलं तेच आता बोटं दुखेपर्यंत काढत बसली. मनीषा म्हणाली, "पंडितनं हे पाहिलं तर तुम्हाला फासावर देईल."

पुन्हा परीक्षा. सीतानं वर बघितलं. पाण्याची टाकी, डिश, मोडकी खुर्ची, कठड्याशी कसला तरी भंगाराचा ढीग, एक कावळा. परत पहिल्यापासून बघितलं. कावळा उडाला. पोरगा नव्हता.

"योगा?"

काहीच नाही. तिला आनंदाची दाढ आठवली. "अरे योगा! दिस ना रे, मना बाप!" ती अशी ओरडली की गल्लीतल्या बाया कटर थांबवून बाहेर आल्या.

भंगाराच्या ढिगानं एक हात वर केला.

साहेबांना कपडे दाखवायचे त्या दिवशी सकाळी टोपऱ्याचा एक हूक लावायचा राहिला होता. सीता दाराशी उजेडात बसून तो लावत होती. बाजूला साड्यांचं अर्धवट पोटलं. योगराज आंघोळीला गेलेला. तेवढ्यात दारात मयुरी उभी राहिली.

उजव्या डोळ्याच्या जागी सूज होती. ओठ फाटलेला. डोक्यावरून पदर घसरला तेव्हा दिसलं, कानामागचा केसांचा एक पुंजका मुळासकट गेला होता आणि तिथलं कातडं ओलं, लाल होतं.

"बस," सीता म्हणाली. दुसरं काय म्हणायचं असतं?

मयुरी बसली आणि बोलायला लागली. ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. सामान सांगावं तसं सांगत होती. कापड मोजायचा लोखंडी गज आहे ना मावशी, त्यानं. आधी पाठीवर, मग पायाच्या नळीवर. मी खाली पडले तर केसांना धरून मोरीत नेलं. बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. ही बघा. तेव्हा चैतू उठली. चैतू पप्पा पप्पा करत त्याच्या पायाला बिलगली, तर तिला उचलून त्यानं मुका घेतला आणि म्हणाला, तुझी मम्मी घाण आहे, आपण मम्मीला साफ करतोय.

सीता ऐकत होती. मान खाली, डोळे मयुरीच्या काळ्यानिळ्या बोटांवर. ऐकताना कुणी पदर पिळतं, कुणी नखानं जमीन उकरतं. सीताचे हात तेवढे चालू होते. कच कच. कच कच.

"आज चैतूला शाळेत नाही सोडली त्यानं," मयुरी म्हणाली. "गोदामात घेऊन गेलाय. मी तिला आणते आणि गावाला निघते. भावाला फोन केलाय."

"एकटी जाऊ नको. योगा निघेलच आता. त्याच्यासंगं जा."

"पोलीस बघितला तर तो पोरीला खिडकीतून टाकील, मावशी. बोललाय तो तसं."

"अगं बोलतात..."

"तो बोलतो ते करतो," मयुरी म्हणाली आणि उठली. एका पायावर भार देत गेली. सीताला तिला धरून ठेवता आलं असतं. मांडीवर पसारा होता.

योगराज ओल्या केसांनीच बाहेर आला. फोनवर साहेब लवकर बोलावत होते. "झाला का हूक?" त्यानं कपडे मांडीवरून ओढले, बघितलेसुद्धा नाही, पिशवीत कोंबले. सीता त्याला मयुरीचं सांगायला लागली. "संध्याकाळी बघतो त्याच्याकडं," तो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

घरातलं आवरून सीतानं केरसुणी घेतली. दाराशी रोजच्यासारखा धाग्यांचा कचरा पडलेला, गुलाबी, राणी, पोपटी, जरीचा. तो लोटताना तिचा हात थांबला. त्या लग्नघरासारख्या रंगांत करडे धागे होते. तागाचे. मूठभर. चिंध्यांची टोकं होती, सुतळीचे बारीक तुकडे होते, ताडपत्रीची झिरमिळी होती.

तिनं ते तळहातावर घेतले. खांद्याचे होते, टोपऱ्याचे होते. मयुरी बोलत होती आणि हिचे हात लोंबणारं जे जे लागेल ते साफ करत गेले होते. एक धागा दिसाले नको.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, तर बंद.

आणि तेव्हाच मनीषा ओरडत आली, मोबाईल छातीशी धरून. "मावशी! पंडितनं गोदामाच्या वॉचमनला मारलं! त्याचीच दुनाळी बंदूक घेऊन वर कोंडून बसलाय, मयुरी नि पोरगी आत आहेत! बघा, बघा, चालू आहे सगळं मोबाईलवर!"

सीतानं मोबाईल बघितला नाही. तिच्या मुठीत धागे होते. छपरावरून नेम धरायचा असला की कुणाला पाठवतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

रिक्षानं दोघी पर्वत पाटियाला पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर ही गर्दी. हमाल, दलाल, टेम्पोवाले, दोर लावून अडवणारे पोलीस. गोदामाच्या पायऱ्यांवर वॉचमन तसाच पडला होता. छातीत केवढं तरी भगदाड, आणि त्यावर माशा. पोलिसांना तिथवर जाता येत नव्हतं. जो गेला होता तो मांडी धरून गाडीमागे विव्हळत होता. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत चैतू उभी होती, गजाआड नव्हे, उघड्या चौकटीवर. शाळेचा गणवेश घातलेली. तिच्या मानेमागे बंदुकीच्या दोन नळ्या. त्यांच्या मागे अंधारात पंडित, अर्धा दिसणारा.

"छपरावर कुणी दिसला तर पोरगी पहिली!" तो हिंदीत ओरडला, मग गुजरातीत, मग मराठीत, कुणाची गैरसोय नको म्हणून. "मी सगळीकडं बघतोय! मला धागासुद्धा दिसतो!"

आतून मयुरीचा आवाज आला, शब्द नसलेला. पंडितनं मागे न बघता दस्ता हाणला. आवाज बंद झाला.

समोरची इमारत दोन मजल्यांची. सीतानं एकदाच वर बघितलं. टाकी, पत्रे, कूलरचा सांगाडा, पोत्यांचा ढीग. आणि त्या ढिगाला खांदा होता.

स्वच्छ, कापून काढल्यासारखा. गोल डोकं, दोन्हीकडे उतार. तिनं परकराला लावावी तशी सुबक कड.

तिनं मान खाली घातली. ओरडू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला. कारण तिच्या लक्षात आलं, पंडित छपरांकडे कमी आणि खालच्या माणसांकडे जास्त बघत होता. गर्दीचे डोळे जिकडे जातील तिकडे त्याचे जाणार. आईनं वर बघितलं की पोरगा गेला आणि चैतूही गेली. तिनं जमिनीवरच्या एका गुटख्याच्या पुडीवर डोळे रोवले. योगराजला हलता येणार नव्हतं. हलला की दिसला. न हलला तरी, कुणी नीट बघितलं की दिसलाच.

"मावशी, योगा कुठं असेल?" मनीषा कुजबुजली.

"घरी," सीता म्हणाली. "खाली बघ."

त्यांच्या पुढ्यात एक निळ्या शर्टाचा दलाल मोबाईल वर धरून उभा होता. कुणाला तरी थेट दाखवत होता, तोंडानं समालोचन चालू. मोबाईल खिडकीवरून सरकला, समोरच्या छपरावर गेला, थांबला. त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं.

"ए, जो ने! उपर कोक सूतो छे!" त्यानं हात वर केला, छपरावर पडलेल्या माणसाकडे बोट दाखवायला.

ते बोट पूर्ण वर गेलं नाही. सीतानं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याचा गुटखा पुढच्या माणसाच्या पाठीवर उडाला.

"हलकट! बाईमाणसाले हात लावतोस?"

"कोणे? में? गांडी छे के?"

वेडी की काय म्हणत दलालानं तिला ढकललं. सीता त्याच्या मोबाईलच्या हातावर तुटून पडली. मनगटाचा कटर मुठीत आला होता, तो त्याच्या तळव्यात आडवा फिरला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली. मोबाईल पडला, तिनं त्यावर टाच दिली. दलालानं तिच्या तोंडावर ठोसा हाणला. काहीतरी तुटलं, तोंड खारट झालं. मनीषाला का ते ठाऊक नव्हतं, पण मावशीला मारलं म्हटल्यावर ती चप्पल काढून घुसली. दलालाचा मित्र घुसला. कुणीतरी मनीषाची वेणी ओढली. क्षणात सगळी गर्दी छपराकडे पाठ करून गोल झाली. मरणापेक्षा मारामारी बघायला माणसाला अधिक आवडतं.

"मासी, पाछळ! पाछळ जाओ!" एक पोलीस काठी हाणत आला. काठी सीताच्या कमरेत बसली. ती गुडघ्यावर आली आणि तिथून तिला खिडकी दिसली.

पंडित खिडकीत आला होता. मान पुढे काढून खाली बघत होता. दाराआड होणाऱ्या भांडणालाही जसा माणूस कान देतो, तसा. त्यानं तिला ओळखलं. त्याचं तोंड फाकलं.

"अरे, सीतामावशी!" तो वरून ओरडला, अगदी पोटली द्यायला आल्यासारखा. "काय वो! धागा कापाले आल्या का त्याचा?"

बंदुकीच्या नळ्या चैतूच्या मानेवरून खाली घसरल्या होत्या. भिंतीकडे. फार नाही, वीतभर. तो हसत होता.

पहिली थप्पड सीताच्या हातानं आपली आपण मारली होती, साडीचा धागा कापावा तशी. दुसरी तिनं जाणून मारली. ती उठली. दलाल तळवा पोटाशी धरून रडत होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, नुसते डोळे चांगले होते. तिनं त्याची कॉलर धरली, त्याला खिडकीखाली मोकळ्यावर ओढलं, पंडितला नीट दिसेल असं, आणि उलट्या हातानं त्याच्या नाकावर हाणली. नाकाचं हाड तिला बोटांवर जाणवलं. परत हाणली.

"द्या मावशी! अजून एक द्या!" पंडित हसत हसत कमरेतून वाकला. टाळी वाजवायला त्याचा एक हात बंदुकीवरून सुटला.

आवाज झाला. एकच, कोरडा. सीतानं वर बघितलं नाही. वरून चैतूच्या किंचाळण्याआधी काहीतरी ओलं, कोमट पडलं, तिच्या खांद्यावर, दलालाच्या शर्टावर. मग दुनाळी खाली आदळली आणि आपली आपण सुटली, आणि छर्रे एका टेम्पोच्या दारात घुसले. पंडित खिडकीवर मधोमध दुमडून लोंबत राहिला, दोन्ही हात खाली. वाळत घातलेल्या कापडासारखा. डोक्याचा वरचा भाग नव्हता.

पोलीस आत धावले. चैतूला एकानं छातीशी धरून आणलं. ती रडत नव्हती. गणवेशावरचं पप्पांचं रक्त नखानं खरवडत होती. मयुरीला स्ट्रेचरवरून नेलं. जबडा मोडलेला, श्वास चालू. स्ट्रेचर जवळून गेला तेव्हा तिनं उघडा होता तो डोळा सीतावर फिरवला. त्यात काय होतं ते सीताला वाचता आलं नाही.

दलालाला टाके घालायला नेलं. जाताना तो बजावून गेला, "केस करीश! छोडीश नहीं!"

"कर बाबा," सीता म्हणाली. "करायलाच पाहिजे."

ती फुटपाथवर बसली होती. कमर धरलेली, गाल टम्म. मनीषा पाणी आणायला गेलेली. सीताच्या उजव्या मुठीत तिचा स्वतःचा दात होता. कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं.

योगराज पिशवी घेऊन आला. अंगात साधा बनियन, चेहऱ्यावर राखाडी रंग ओघळलेला. तो तिच्या शेजारी बसला. तिची मूठ उघडून बघितली. मग खिशातून रुमाल काढला आणि तो दात त्यात बांधला, गाठ मारून. 

"वर गेल्यावर अंगात घातलं तेव्हा बघितलं मी," तो म्हणाला. "खांद्याचे धागे."

"मी कापले."

"कधी?"

"मयुरी बोलत व्हती तेव्हा. माले कळलंच नई रे."

 समोर चार माणसं पंडितला खिडकीतून आत ओढत होती. एक हात चौकटीत अडकत होता.

"दुर्बिणीतून माणूस इतका जवळ दिसतो ना माय," योगराज म्हणाला, "की हात लांबवला तर लागेल. मला वाटायचं, समोरचा चिडलेला असेल, शिव्या देत असेल. मनाची तयारी तशी केली होती मी."  त्यानं तोंडावरून हात फिरवला तसा राखाडी रंग आणखीच पसरला. "हासत व्हता तो. एवढं तोंड भरून. मी घोडा दाबला तेव्हाबी हासतच व्हता. कशाले हासत व्हता, माय?"

पुढाऱ्यांच्या, वार्ताहरांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. कुणीतरी दोर आणखी मागे सरकवत होतं. सीताच्या मनगटाला कटर लोंबत होता. त्याच्या पात्यावर दलालाचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. नाही ठाऊक असं म्हणता आलं असतं. पोरगा तेवढ्यावर घरी आला असता, जेवला असता कदाचित.

"माले पाहून," ती म्हणाली. "मी हासवलं त्याले."

योगराजनं तिच्याकडे बघितलं.  मग पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात रिकामे करून तिच्या शेजारी बसून राहिला. सीतानं दातानं मनगटाच्या सुतळीची गाठ सोडवायला घेतली. समोरचा दात नव्हता, म्हणून वेळ लागला.